गाळा एक, उमेदवार दोन

धायरी, मंगळवार

तीर्थरूप द्वारकाआक्कास,

धाकट्या हिंदुरावचा साष्टांग नमस्कार. (डाव्या गुडघ्यात डॉक्टरांनी पाणी सांगितल्यापासून तेवढं एक अंग सोडून बाकीची टेकतो, चालवून घे.) मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, आता पेपरातली निधनवार्ता बिनचष्म्याची वाचता येते, असं तू म्हणालीस, ऐकून बरं वाटलं. खोकला गेला का? फलटणला यंदा थंडी फार आहे म्हणतात. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. कौशल्या मजेत आहे, इमारत मजेत आहे, मीही मजेत आहे. फक्त भूक लागत नाही आणि फोन वाजला की छातीत धडधडतं. काळजी करण्यासारखं काही नाही. तू म्हणशील, मग फोन करायचा सोडून पत्र का लिहितोस? फोनवर तू मध्येच प्रश्न विचारतेस, म्हणून.

आधी तुझ्या घराचं सांगतो. तिसऱ्या मजल्यावरचा ३०२ अगदी तयार आहे. ओटा तुझ्या उंचीला बेतून दोन इंच खाली घेतला, न्हाणीघरात धरायला दांडा लावला, देवघर पूर्वेला. नळ सोडला की पाणी येतं (टँकर येऊन गेलेला असेल तर. खडकवासल्याचं धरण इथून स्कूटरवर पंधरा-वीस मिनिटांवर आहे, पण पाण्याला तो रस्ता अजून सापडलेला नाही). राहिलं आहे ते फक्त भोगवटा पत्र, म्हणजे इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधली आहे, आता माणसांनी राहायला हरकत नाही, असा महापालिकेचा कागद. तो आल्याशिवाय मला कुणाच्याही हातात किल्ली देता येत नाही, सख्ख्या बहिणीच्याही नाही. तू वसंत पंचमीची वास्तुशांत धरलीस, फलटणचं घर विकलंस, महिनाअखेरीस रिकामं करून देते म्हणून लिहूनही दिलंस, आणि हे सगळं माझ्या शब्दावर, हे मी विसरलेलो नाही. सकाळी दाढी करायला आरशापुढे उभा राहिलो की पहिलं तेच आठवतं. हनुवटीवर चार ठिकाणी कापलं आहे.

तसं हे साल बिल्डर लोकांना एकंदर वाईटच गेलं. (मला बिल्डर म्हणू नका असं मी सगळ्यांना सांगतो. आप्पांनी ठेवलेल्या अकरा गुंठ्यांवर पाच मजले चढवणाऱ्याला बिल्डर म्हणणं म्हणजे घरी दिवाळीचे लाडू वळणाऱ्या बाईला हलवाई म्हणणं.) स्टीलचा भाव सकाळी एक आणि दुपारी दुसरा. क्रशरवाल्यांनी संप केला तेव्हा वीस दिवस खडी नाही. खडी आली तेव्हा कामगार छटपूजेला बिहारला. कामगार परतले तेव्हा प्रचाराच्या मिरवणुकीत झेंडा धरायला आमच्यापेक्षा जास्त हजेरी मिळू लागली, वर बिर्याणी, मग विटा कोण उचलतो? घेणाऱ्यांचं तर विचारूच नकोस. ४०१ घेतलेल्या मुलाला त्याच्या कंपनीनं एका ईमेलवर घरी बसवलं. त्यानं बुकिंग रद्द केलं आणि जाताना मलाच विचारलं, काका, तुमच्याकडे काही ओपनिंग आहे का? सिंहगड रस्त्यावर जिकडे बघावं तिकडे रिकाम्या फ्लॅटच्या जाहिराती, कुणी स्वयंपाकघर फुकट देतो, कुणी स्कूटर. माझ्याकडे फुकट देण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी लोकांना एकच सांगायचो, नकाशाबाहेर एक वीट सापडली तर कान कापून देईन. धायरीत असं म्हणणारा मी एकटाच असेन, आणि सध्या कानांचीच काळजी आहे.

हे सगळं निस्तरून कागद हातात पडायची वेळ आली आणि निवडणूक लागली. पूर्वी आपल्या गावाला एक सरपंच होता; एकाला नमस्कार घातला की भागायचं. मग आपण महापालिकेत गेलो, आणि गेली तीन-चार वर्षं तर निवडणूकच झाली नाही, नगरसेवकच नव्हते. तुला वाटेल, सुटलात की! उलट, आक्का. नगरसेवक असता तर एकालाच सांभाळलं असतं. तो नसल्यामुळे चौकातल्या फ्लेक्सवर अकरा 'भावी नगरसेवक' उगवले, आणि त्यातला खरा कोण निघेल हे ठाऊक नसल्यामुळे मला अकराही जणांच्या वाढदिवसाला केक, घरच्या लग्नाला आहेर आणि दहाव्याला हजेरी, हे सगळं चालू ठेवावं लागलं. साखर वाढली आहे ती त्या केकनं, असं कौशल्याचं मत.

तर आपल्या इमारतीला तळमजल्यावर रस्त्याच्या तोंडाला एकच गाळा आहे. प्रचाराचं ऑफिस थाटायला अशी जागा आख्ख्या वॉर्डात नाही. त्या अकरांतल्याच रावसाहेबांनी एका लग्नात हात धुताना माझ्या खांद्यावर ओला हात ठेवला आणि विचारलं, "गाळा रिकामाच हाय ना?" मी म्हणालो, आपलाच आहे. (धायरीत 'आपलाच आहे' असं कुणालाही म्हणतात. ते खरं धरायचं नसतं, हे पंचवीस वर्षं राजकारणात मुरलेल्या माणसाला कळू नये?) त्याच दुपारी घरी कौशल्याचा मावसभाऊ मच्छिंद्र चहाला आला. त्याला दुसऱ्या पक्षानं रावसाहेबांच्याच विरुद्ध उभं केलेलं. त्यानं गाळा मागितला आणि बहिणीनं भावाला नाही कसं म्हणायचं, म्हणून कौशल्यानं किल्ली दिली. ही गोष्ट आम्ही दोघांनी एकमेकांना सांगितली नाही, कारण सांगितली असती तर दुसऱ्यानं आधी विचारायचं होतं असं ऐकावं लागलं असतं. पुढच्या गुरुवारी सकाळी नऊ वाजता एका शटरपुढे दोन सत्यनारायण, दोन भटजी, दोन ढोलपथकं आणि मध्ये मी.

अशा वेळी दुसऱ्या कुणी पोलीस बोलावले असते. मी गवंडी बोलावला. दोघांना अर्धा अर्धा गाळा, असं कबूल करून दत्तोबाकडून मधोमध चार इंची विटांची भिंत उभी केली, दिवस मावळायच्या आत. दत्तोबा थापी हातात धरून म्हणाला, "मालक, नकाशात नाय ही." मी म्हणालो, निवडणुकीपुरतीच आहे. तो म्हणाला, "विटंला काय कळतंय, निवडणूक कवा संपती?" आपल्याच माणसांनी असं बोलावं! चौथ्या दिवशी दोन्ही पक्षांची युती झाली. रावसाहेब आणि मच्छिंद्र गळ्यात गळे घालून आले आणि म्हणाले, भिंतीत दार पाडा, चहा एकीकडून दुसरीकडे न्यायला अडचण होते. दार पाडलं. अर्ज मागे घ्यायच्या दिवशी युती फिसकटली. आता याला मैत्रीपूर्ण लढत म्हणतात. दार विटांनी बुजवलं. दोन दिवसांनी पुन्हा बोलणी सुरू झाल्याची बातमी आली. तेव्हापासून दत्तोबा आधी टीव्हीवरच्या बातम्या बघतो आणि मगच सिमेंट कालवतो.

हेही निभावलं असतं. पण कुणीतरी महापालिकेच्या कार्यालयात तक्रार केली, की गाळ्यात नकाशाबाहेरची भिंत आहे. कोण हा विघ्नसंतोषी, कुणाच्या पोटात दुखलं, देव जाणे! लगेच एक तरुण इंजिनिअर टेप घेऊन आले. इतके सरळ, की चहासुद्धा घेतला नाही. (असा माणूस समोर आला की काय करायचं हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही.) त्यांनी सगळी इमारत मोजली आणि म्हणाले, फार छान काम आहे, इंचाचाही फरक नाही. मला गहिवरून आलं. मग ते गाळ्यात गेले. तक्रार निकाली निघेपर्यंत कागद थांबला, एकट्या गाळ्याचा नव्हे, सबंध इमारतीचा. भिंत पाडायला गेलो तर रावसाहेब म्हणतात, मतदानाआधी भिंत पडली तर लोक म्हणतील रावसाहेबांची बाजू पडली. मच्छिंद्रही तेच म्हणतो, फक्त नाव बदलून. दोघांनी आपापल्या बाजूनं नेत्यांचे फोटो ठोकले आहेत आणि खिळे आरपार गेले आहेत. पंधराला मतदान. एकोणीसला सकाळी अकरा वाजता तक्रारीची सुनावणी.

तेव्हा आक्का, वास्तुशांत थोडी पुढे ढकलता आली तर बघशील का? तुझं घर घेणाऱ्यांना महिनाभर थांबता येईल का, नुसतं विचारून बघ. मला खरंच भीती वाटते गं. अठरा बिऱ्हाडं माझ्या तोंडाकडे बघत आहेत, पण सतरा जणांना भाड्याचं का होईना, घर आहे. तुझं सामान टेंपोत आणि तू रस्त्यावर, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. तब्येत सांभाळ, थेंब वेळेवर घाल.

तुझा,
हिंदुराव

ता. क. कौशल्यानं पत्र वाचलं आणि म्हणाली, तक्रार कुणी केली तेही लिहा, नाहीतर मी लिहिते. तर, तक्रार मीच केली. रागावू नकोस, आधी विचार समजून घे. भिंत मी पाडली तर दोघंही माझ्यावर चिडणार, आणि निवडून त्यातलाच एक येणार. महापालिकेनं पाडली तर मी काय करणार बिचारा! म्हणून मी साध्या शब्दांत लिहिलं, की अमुक गाळ्यातली भिंत बेकायदा आहे, ती तातडीनं काढावी. भिंतीबरोबर सबंध इमारत अडकेल हे माझ्या ध्यानात आलं नाही. इतकी वर्षं तक्रारींचं काही होत नाही असं ऐकत आलो, आणि नेमकी माझीच तीन दिवसांत धसाला लागली.

आणखी ता. क. निनावी तक्रार घेत नाहीत, हे मला खिडकीपाशी गेल्यावर कळलं. नाव हवं, सही हवी आणि इमारतीशी संबंध हवा. मागे रांग लागलेली. मी पायरीवर बसून तुझं नाव घातलं: द्वारका, सदनिका क्रमांक ३०२. तुला फलटणला रजिस्टरनं लखोटा येईल, घाबरू नकोस. एकोणीसला अकरा वाजता तू स्वतः यायचं आणि माझी आता काही तक्रार नाही असं लिहून द्यायचं, एवढंच. मतदान झालं की सोळाला भिंत काढतो, दत्तोबाला सांगून ठेवलं आहे. कार्यालयातले साहेब म्हणाले, बाईंनी लिहून दिलं की त्याच दिवशी कागद पुढे सरकेल. म्हणजे वास्तुशांत ढकलायची वर जी विनंती केली आहे ती वाचू नकोस. बाईंचं पत्र फार मुद्देसूद आहे, असंही ते म्हणाले. खरं सांगू का आक्का? उभ्या जन्मात पहिल्यांदा खरी तक्रार लिहिली, तर खाली घालायला खरं बोलणाऱ्या माणसाचं दुसरं नावच आठवेना.

शेवटचं. सही तक्रारीवरच्या सहीशी जुळली पाहिजे, असं त्यांनी बजावलं आहे. घाईत माझ्याकडून तुझी सही जरा वेगळी झाली: 'द्वा'ला एक गाठ जास्त पडली आणि खाली दोन ठिपके आले, का ते मलाही सांगता येणार नाही. सोबतच्या कागदावर तशीच काढून पाठवली आहे. पत्र पोचायला दोन दिवस धरले तरी दहा-अकरा दिवस हातात उरतात. रोज एक पान गिरवलंस, तर एकोणीसपर्यंत तुला तुझी सही अगदी माझ्यासारखी जमेल.