तुझं ताट कुठलं होतं?

आई, थंडी सुरू होता होता एका अनोळखी मुलीने मला तुझ्याबद्दल प्रश्न विचारला. तिला वाटलं, ती माझ्याबद्दल विचारते आहे. डॉक्टरांनी मला तिच्याकडे पाठवलं होतं. साखर अजून मधुमेहाच्या रेषेच्या अलीकडे आहे, पण वजन उतरवलं नाहीत तर ती फार दिवस अलीकडे राहणार नाही, असं ते म्हणाले होते. इथेच अलीगंजमध्ये औषधांच्या दुकानाच्या वर तिची छोटी खोली आहे. आहारातलं शिकलेली, माझ्या निम्म्या वयाची असेल. मी परीक्षेला जावं तशी तयारी करून गेले होते. दोन्ही वेळा पोळ्या मोजून, भात जवळपास बंद, चहात साखर नाही, ऑफिसात मीटिंगला समोसे येतात त्यांना हात लावत नाही, सकाळी पार्कात चालते. सगळं खरं होतं. तिने मधे न बोलता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अच्छा मैम, ये तो हुआ जो आप बैठकर खाती हैं. और खड़े-खड़े?" मी हसून उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला आपलं रेल्वे क्वार्टरमधलं स्वयंपाकघर दिसलं. ओट्याशी पाठमोरी उभी असलेली तू दिसलीस.

तेव्हाचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर स्पष्ट आहे. बाबा ऑफिसातून येऊन हातपाय धुऊन बसलेले असतात, मी माझं दप्तर टेबलाच्या एका कडेला सारते, तू तव्यावरची पोळी तशीच वाफाळती आमच्या ताटात आणून टाकतेस. "गरम आहे तोवर खा" हे तू इतक्यांदा म्हणालीस की माझ्या कानात अजून ते तुझ्याच आवाजात आहे. आम्ही उठलो की तू पातेल्याच्या तळाला राहिलेल्या आमटीत उरलेला भात टाकायचीस, माझी अर्धी पोळी, बाबांनी बाजूला सारलेली भाजी, सगळं त्यातच कालवून उभ्या उभ्या चार घासांत संपवायचीस. मी विचारायची, "आई, तू जेवलीस?" तू म्हणायचीस, "जेवते ना. एवढं आवरते आणि जेवते." मग तू ओटा पुसायला लागायचीस. ते जेवण कधी यायचं, हे मी कधी पाहिलं नाही. एकदा मी म्हटलंसुद्धा, "अगं, खाते तर आहेस!" त्यावर तू अगदी मनापासून म्हणालीस, "हे काय खाणं म्हणायचं? हे आवरणं आहे."

त्या दिवशी घरी येताना मी एक गोष्ट आठवायचा प्रयत्न केला आणि मला ती आठवली नाही. बाबांचं ताट मोठ्या कडेचं होतं. माझं छोटं, वाटीची जागा वेगळी असलेलं. पुण्याची आत्या लाडू, भाजणी आणि गोड्या मसाल्याची पिशवी सांभाळत चारबाग स्टेशनला उतरायची, तिच्यासाठी तू पितळेचं ताट माळ्यावरून काढायचीस. तुझं ताट मात्र मला आठवेना. तुझ्या लग्नात मिळालेल्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर बारीक टिंबांनी तुझं नाव कोरलेलं होतं. पळीवरसुद्धा. आणि तुझं म्हणून एक ताट नव्हतं.

तुला डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं तेव्हा तुझा चेहरा खरोखर गोंधळलेला होता. "अजून कमी? मी खाते तरी काय?" तुला ते खरंच वाटत होतं, आणि आम्हांलाही. समोरच्या मिश्रीण काकी तर तुझ्या तोंडावर म्हणायच्या, "भाभीजी खाती चिड़िया जितना हैं, लगता हाथी जितना है," आणि सगळ्यांत आधी तूच हसायचीस. मग तू गुरुवार धरलास. चतुर्थी होतीच. दिवसभर कडक, आणि संध्याकाळी भरपूर कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा कीस. उपास केल्यावर वजन उतरायलाच हवं, असा घरातल्या सगळ्यांचा हिशोब होता, त्यात शिकलेले इंजिनियर बाबाही होते. वजन जागचं हललं नाही, तेव्हा तू आणखी एक उपास वाढवलास. फिरायलाही गेलीस. बाबा हात मागे बांधून भराभर पुढे निघायचे, तू पदर सावरत मागे. कॉलनीच्या वळणाशी पोचलं की तुला काहीतरी आठवायचं. "तुम्ही व्हा पुढे, मी गॅसवर दूध ठेवून आलेय." तुझं फिरणं त्या वळणाशी संपायचं. पन्नाशी ओलांडून तू फार पुढे गेली नाहीस, आई. आता माझ्या आणि तुझ्या त्या वयात थोडंच अंतर उरलं आहे, आणि मी ते रोज मनात मोजते.

इथवर लिहून मी थांबले होते. मला शंका आली की मी तुला बिचारी करते आहे. तू बिचारी नव्हतीस. आम्ही टेबलावरून उठल्यावर स्वयंपाकघर फक्त तुझं असायचं, रेडिओ हळू लावलेला असायचा, कोणी काही मागत नसायचं. कदाचित दिवसातली तीच वेळ तुला आवडत असेल. दुसरी शंका अशी, की माझं वजन मी तुझ्या अंगावर टाकते आहे का? शरीर माझं, घास माझे, माझ्या हाती तर सगळी माहितीही होती. तिचं उत्तर मला सापडलेलं नाही. एवढं मात्र माहीत आहे की ती मुलगी "खड़े-खड़े?" म्हणाली तेव्हा मी तिला उत्तर दिलं, "कुछ खास नहीं."

आणि त्याच आठवड्यात माझी मुलगी पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली. ती दहावीला आहे. तुझी नात मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते, तू असतीस तर चिडली असतीस. गेले काही महिने ती ताटात अर्धं टाकून उठते. तिच्या मनगटाचं हाड दिसायला लागलंय, ते मला दिसत होतं, पण मुलींचं असं असतंच, म्हणून मी सोडून देत होते. मी ओट्याशी उभी होते, तिने टाकलेली पोळी कढईच्या कडेने फिरवत. ती म्हणाली, "मम्मी, आप तो डाइट पर हो ना?"

"अगं, हे खाणं नाही. हे आवरणं आहे."

वाक्य बाहेर पडलं आणि मीच दचकले. तिने ग्लास ओट्यावर ठेवला. "अच्छा! पेट को पता है ये बात?" मी हसले, तीही हसली. "यार मम्मी, छोड़ती मैं हूँ और खाती आप हो. फिर तो मेरा वाला भी आप पर ही चढ़ रहा है." मी विचारलं, तू टाकतेस तरी का गं एवढं? भूक नसते का? तिने खांदे उडवले. "लगती है. पर आप भी तो टेबल पर कुछ नहीं खातीं. मुझे लगा, बड़े होने पर ऐसे ही खाते हैं."

आई, तेव्हा मला माझ्या साखरेचं काही वाटेनासं झालं.

मी दुसऱ्या दिवशी माळ्यावरून तुझ्या नावाचं एक ताट काढलं, घासलं आणि टेबलावर मांडलं. आता पोळ्या आधी करून डब्यात ठेवते आणि मुलीसमोर बसते. अर्ध्या ताटात भाजी आणि काकडीची कोशिंबीर, घट्ट वरण, पोळी, आणि थोडासा भात, वर तूप. औषधांच्या दुकानावरच्या त्या मुलीने भात परत दिला, तिला मी खरं उत्तर सांगितल्यानंतर. "जो खाना है खाइए मैम, बस अपनी थाली में निकालकर," म्हणाली. पहिल्या दिवशी मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी दोनदा उठले, मीठ आणायला आणि मग काही नाही आणायला. माझी मुलगी म्हणाली, "रोटी ठंडी है." मी म्हटलं, सगळ्यांचीच आहे. तिने माझ्या ताटाकडे पाहिलं, मी खाते आहे का ते पाहिलं, आणि आपली पोळी मोडली. संपवली नाही. पण टाकलेला तुकडा लहान होता. आता टाकलेलं ती स्वतः डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवते आणि शाळेतून आल्यावर कधी कधी खाते.

जेवल्यावर आम्ही दोघी कॉलनीत चालायला जातो. धुकं असलं तरी, शाली गुंडाळून. ती बाबांसारखी भराभर पुढे जाते आणि वळणाशी थांबून ओरडते, "चलो ना मम्मी!" निघण्याआधी मी गॅस बंद आहे ना ते बघते, म्हणजे मला परत फिरायला कारण उरत नाही. वजन थोडं उतरलंय. फार नाही. पुढच्या तपासणीत रेषेच्या कुठल्या बाजूला असेन, ते माहीत नाही, आणि मला भीती वाटते. मुलीच्या मनगटाचं हाड अजून दिसतं. मी रोज बघते आणि तिला कळू देत नाही.

हे पत्र डायरीतच राहील. पण एक तुला सांगायला हवं. दुधाच्या पातेल्याची खरवड मी अजून सोडलेली नाही. आजही जेवणं आटोपल्यावर ओट्याशी उभी राहून खरवडत होते, तुझ्यासारखीच, पाठमोरी. मागून आवाज आला, "मम्मी, थाली में." मी ती ताटात काढली आणि बसले. तिने खुर्ची ओढली आणि चमचा पुढे केला. आई, खरवड फार थोडी होती, आणि मला ती तिला द्यायची नव्हती. तरी अर्धी दिली.