आडवी फांदी

बाबा, पेडण्याचे घर आणि पोफळींचे कुळागर आम्ही विकले. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे मध्येच विचारायला नको. तुमच्या धाकट्याचे बिऱ्हाड वास्कोला, माझे गुडघे विहिरीकडची उतरण मानायला तयार नाहीत, आणि पोफळीवर चढणारा माणूस आता शोधून मिळत नाही. अर्धवट राखलेली बाग मला पाहवत नाही. तुम्हांलाही पाहवली नसती. मी आता फोंड्यात तिसऱ्या मजल्यावर राहते. पूर्वेकडे दोन खुर्च्या जेमतेम मावतील एवढी बाल्कनी आहे. समोरच्यांनी त्यांच्या बाल्कनीत प्लास्टिकची फुले टांगली आहेत. मी त्या बाजूचा पडदा तेवढा ओढून घेते.

पहिल्या वर्षी मी तिथे कुळागरच वसवायला निघाले होते. केळ, हळद, अनंत, आणि तुम्ही विहिरीजवळच्या पोफळीवर चढवलेल्या मिरवेलीचा एक लांब कोंभ. केळीची पाने ग्रिलला घासून फाटली. खालच्या मजल्यावरची बाई एकदा वर येऊन म्हणाली, "बाई, भायलो पावस थांबलो, तुमचो केन्ना थांबतलो?" तिचे वाळत घातलेले कपडे माझ्या कुंड्यांच्या पाण्याने भिजले होते. राग आला, पण बोलणे चोख होते. केळ देऊन टाकली. मिरवेल मात्र हटून ठेवली. ती रेलिंगवरून नुसती सरपटत राहिली; पाने पुष्कळ, मिरीचा दाणा एक नाही. तेवढ्यात धाकट्याचा फोन आला की नवे मालक गणपतीनंतर पोफळी तोडणार आहेत. पोफळीबरोबर वेलही जाणार होती. आपल्या कुळागरातली मिरी राखायची असेल, तर फांद्या लावायला एवढाच पाऊस हातात होता.

मी आठ वर्षांची आहे. तुम्ही विहिरीपाशी बसून वेलीच्या तळाशी फुटलेले लांब कोंभ कापता आहात. मी वरची एक आखूड, मिरीचा घोस लागलेली फांदी मोडून करवंटीत लावते आणि कौतुकाची वाट पाहते. तुम्ही ती उपटून वाळक्या पानांच्या पातेऱ्यात फेकता. "गो बाय, ही आडवी फांटी. ही जन्मात चडाची नाय. चडना नाय ती मिरवेल कसली?"

पुढे मी वनस्पतिशास्त्र शिकले, शिकवले. आडवी फांदी रुजली तर तिचे झुडूप होते. ते चढत नाही, पण कुंडीतही मिरी धरते. वर्गात हे मी कितीदा सांगितले असेल. तुम्हांला कधी सांगितले नाही. पोफळी उभ्या होत्या तोवर त्याची गरज कुणाला होती?

फोन आला त्याच आठवड्यात आम्ही दोघे गेलो. धाकटा शिडीवर, मी खालून फांद्या दाखवत होते. "ताई, बाबा आसते तर माझो हात मोडते. ही चडाची नाय."

"नाहीच चढायची," मी म्हटले. "म्हणूनच हवी. आणि पेराच्या खाली काप, मध्ये नको."

"मास्तरीण ती मास्तरीणच!"

बहुतेक फांद्या कुजल्या. एक जगली. यंदा तिला घोस लागले. हिरवी मिरी मी लिंबाच्या रसात मुरवली. खालच्या बाईलाही बाटलीभर दिली, कुंड्यांखाली खोल बशा ठेवल्याचेही सांगितले. तेव्हा बाबा, कुळागरात तुमचे बरोबर होते, बाल्कनीत माझे. हे मला नीट, क्रमाने मांडायचे होते. पत्र धाडायला पत्ता नाही, हे ठाऊक असूनही शुद्धलेखन तपासले आहे.

एक राहिले. गेल्या पंधरवड्यात झुडपाच्या तळातून एक लांब, उभा, चढणारा कोंभ निघाला. असा कोंभ दिसताच छाटायचा, नाहीतर झुडूप बिघडते. हे मीच शिकवीत आले. कात्री घेऊन बाल्कनीत गेले होते. परत आले ती सुतळी न्यायला. काल तो रेलिंगशी बांधला आहे.