खग्रासातली माळ

पेडणे,
१२ जुलै २०२७

ती. अक्कास,
गुरुदासाचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

फोनवर तू डोळ्यांची गोष्ट टाळतेस आणि मी मानेवरच्या गाठीची. पत्रात खोटं बोलायला निदान शाई तरी खर्चावी लागते. डोळ्यांचा दोष तू अजून डिचोलीच्या खाणट्रकांच्या धुळीला देतेस म्हणे. डॉक्टर काचबिंदू म्हणतात, तर काचबिंदूच. दिसण्याची खिडकी दर महिन्याला लहान होतेय हे खरं, पण सूर्य मावेल एवढी ती अजून उघडी आहे. म्हणूनच म्हणतो, जा. ऐंशी सालच्या ग्रहणात आईने दारं-खिडक्यांच्या फटींत गोणपाट कोंबून आपल्याला आत बसवलं होतं. राहिलेलं ते बघणं आता इजिप्तमध्ये, कर्नाकच्या देवळात बघून घे. आपल्याकडे ग्रहणात देवळाला कुलूप, तिथे ग्रहण बघायला देवळाची सहल! तिकडचे देव धीट दिसतात.

माझ्या जागी तुझ्या सेजलला ने. लेक तुला धरून चालेल, मी वाद घालत चाललो असतो. गाठीचा तुकडा तपासायला गेलाय. निकाल येईपर्यंत जानकी मला पाव आणायला पोदेराकडेही एकटं सोडत नाही.

एक मागणं आहे. खग्रासात केलेला जप कोटीपट फळतो असं शास्त्र सांगतं. बरोबर काळोख पडला की माझ्या नावाने एक माळ ओढ. संस्कृतचा मास्तर घाबरला असं गावभर मात्र करू नकोस.

लोभ आहे तेवढा पुरे, चिंता तेवढी कमी कर.

तुझा,
गुरुदास

लक्झर,
३ ऑगस्ट २०२७

चि. गुरुदास यास,
अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर मोठं आणि ओळी तिरक्या आहेत, मास्तरा, लाल शाई काढू नकोस. गाठ साधी निघाली म्हणून आज तुझा फोन आला आणि मी हॉटेलच्या जिन्यातच बसले. सेजलला वाटलं, आई पडली.

आता कालचं. सूर्य अगदी डोक्यावर, म्हणून आमच्या गाईडने, महमूदने, सगळ्यांना देवळाच्या अंगणात चटयांवर निजवलं. काळ्या चष्म्यातून सूर्य खाल्लेल्या भाकरीसारखा होत गेला. एवढं मी पाहिलं. मग ऊन राखेसारखं झालं, वारा गार सुटला आणि महमूदने चष्मे काढायला ओरडून सांगितलं. मी डोळे मिटले आणि माळ धरली.

हसू नकोस रे. आपल्या घरात डोळे उघडे ठेवून जप कुणी केलाय? बाबांनी मांडीवर बसवून शिकवलेलं बोटांतच राहिलंय. काळोख सहा मिनिटांचा, माळ त्याआधी संपेल, उरलेलं बघेन, असा माझा बेत होता. माळ संपत आली, तेवढ्यात शेजारची बाई मोठ्याने रडायला लागली. मी दचकले आणि बोट मेरुमणी ओलांडून पुढे गेलं. मेरू ओलांडलेली माळ धरत नाहीत, हे तुला काय सांगायचं. पुन्हा पहिल्यापासून धरली. सेजल खांदा हलवून बघ गे आई, बघ गे म्हणत होती. जपात बोलायचं नाही, म्हणून मी तिचा हात झटकला. माळ पुरी करून डोळे उघडले तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते आणि ऊन परत आलं होतं.

वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर तुला ओळखू येईल. जेवताना जो तो आपण काय पाहिलं ते सांगत होता. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले. पण आज तुझा फोन आला आणि म्हटलं, बरं झालं. माळ फळली रे! बघायचं काय, कोणीही बघतं.

जानकीला आशीर्वाद. माया आहेच, ती तुला मागावी लागत नाही.

अक्का

पेडणे,
२५ ऑगस्ट २०२७

चि. सेजल हिस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र मुद्दाम तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर धाडतोय. घरी आलं तर अक्का तुझ्याकडून वाचून घेईल, आणि वाचताना वगळायची कला तुला साधलेली नाही.

माळ फळली असं तिने मला लिहिलंय. आता ऐक. निकाल तयार आहे असा तपासणीवाल्यांचा फोन शनिवारीच आला होता, ग्रहणाच्या दोन दिवस आधी. मी चपला घातल्या. तुझी मामी म्हणाली की समोर अवस आहे, त्यात ग्रहण, असल्या दिवसांत दवाखान्याचा निकाल घरात आणायचा नाही, मंगळवारी आणू. मी हसलो. असल्या गोष्टींना माझ्याइतकं पेडण्यात कोणी हसत नाही. हसलो आणि चपला काढून ठेवल्या. खरं म्हणजे मी भ्यालो होतो, अवस आयती सापडली.

शनिवारी गेलो असतो तर रविवारी लक्झरला फोन केला असता, की माळ नको, नुसती बघ. जे टळावं म्हणून तिने डोळे मिटले, ते मुळी नव्हतंच.

डॉक्टर काल काय म्हणाले ते तू सांगितलंस. नजर दिवाळीपर्यंत टिकली तर नशीब. पुढचं खग्रास कधी ते मी पंचांगात शोधलं आणि पंचांग मिटून ठेवलं.

तिला खरं सांगावं असं रोज वाटतं. सत्य बोलावं हे मी तीस वर्षं वर्गात शिकवलं. पण सांगितलं तर तिच्याकडे उरतं काय? बघणं तर गेलंच, माळही जाईल. तेव्हा हा शनिवार तुझ्या-माझ्यातच राहू दे.

तुझे डोळे उघडे होते. काळ्या सूर्याभोवती काय होतं, आभाळाचा रंग कुठला, तारे निघाले का, हे तिला सांग. एका बैठकीत नको, ती विचारील तसं, थोडं थोडं. मला मात्र सांगू नकोस, मी विचारलं तरी.

आईला सांभाळ, आणि उरली तर थोडी माया मामासाठी ठेव.

गुरुदासमामा