बूट चावत नाही

१२ सप्टेंबर

क्रॉयडनला नंदूकडे जेवायला. (पुढे नुसतं नं. लिहीन. त्याच्यावर पूर्ण नावाची शाई घालवायची नाही.) फेब्रुवारीतल्या आल्प्स ट्रिपची मीटिंग म्हणे. मीटिंग कसली, वरण गार होईपर्यंत टीव्हीवर पुढच्या सीझनच्या स्कीज बघत बसलो. कुठली किती रुंद, कुणाच्या टोकाला किती बाक. नं. हातवारे करून वळण कसं घ्यायचं ते समजावत होता. मला! गेल्या वर्षी हाच माणूस सरळ उतारावर सेफ्टीच्या जाळीत घुसला आणि त्याला सोडवायला दोन फ्रेंच लागले. नाचता येईना अंगण वाकडं, तर आता अंगणच नवीन घेणार.

मग बूट. बकल्स गेली, आता चकती फिरवून आवळायचे. शिवाय मागून पाय घालायचे बूट परत येतायत. मागच्या दाराने शिरणं नं.ला ऑफिसात जमतंच, इथेही जमेल.

मी म्हटलं, नवा स्की-बूट चावलाच पाहिजे. चावला नाही तर तो बूट नव्हे, सपाता. नं.ची मुलगी सई, इथेच इंग्लंडात जन्मलेली, खदखदा हसली. "बूट चावतो? Like, with teeth, काका?" माझ्याखेरीज आमच्यात तेवढीच एक बरं स्की करते. त्यामुळे तिला माफ.

घरी येताना मेधा म्हणाली, "किती कुजकं बोलतोस रे." अजून बोललोच कुठे.

२१ सप्टेंबर

सर्जरीत, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, पायाची तपासणी. शुगरवाल्यांची दरवर्षी असते. नर्स प्लॅस्टिकचा एक ताठ धागा तळव्याला टेकवते, आपण डोळे मिटून 'यस' म्हणायचं. डावा पाय ठीक. उजव्याला काही कळेना. पण बाई एका लयीत टेकवत होती. शाळेत तबला शिकलोय. धरला ताल, समेवर 'यस', 'यस'. अगदी मजेत चाललं होतं.

मग तिने हात थांबवला आणि मी तरीही 'यस' म्हणालो.

फूट क्लिनिकला रेफर करते, तोवर घट्ट काही घालू नका, एवढंच म्हणाली. "No sports or anything?" मी म्हटलं, नो.

वडिलांचं, आप्पांचं, असंच सुरू झालं होतं. खिळा रुतला, कळलं नाही. आधी अंगठा गेला, मग घोट्यापर्यंत.

मेधाला सांगितलं, सगळं नॉर्मल. तिला कळलं तर स्कीइंग बंद. आणि ते बंद झाल्यावर माझं उरतं काय? ऑफिस, स्लाऊमधलं घर, रविवारी पालक चिरणे. ग्लासगोला शिकत असताना उसन्या बुटांवर, तोंडावर गारा घेत शिकलोय मी. एवढी एकच गोष्ट मला इतरांपेक्षा बरी येते. ती नं.सारख्याच्या हाती सोडून घरी बसायचं?

४ ऑक्टोबर

इनडोअर स्लोपवर नव्या मॉडेल्सची ट्रायल. दुकानाची माणसं, रांगेत बूट, आणि आमची मंडळी मंगळागौरीला आल्यासारखी नटून. नं.चं हेल्मेट त्याच्या जॅकेटला मॅचिंग.

चकतीचे बूट घातले. नं. विव्हळला, "आई गं, चावतोय!" त्याच्या बायकोला, शुभदावहिनींनाही चावला. मेधाने तर पाचव्या मिनिटाला काढून फेकला. मी डावा सैल केला. उजव्याची चकती फिरवत गेलो, फिरवत गेलो. काही नाही. पाय कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा.

नं. ओरडला, "श्रीला चावत नाहीये बघा! हीच ती टेक्नॉलॉजी! पायाच्या शेपनुसार मोल्ड होतो!" सगळे माझ्या पायाकडे कौतुकाने बघायला लागले. टेक्नॉलॉजी नव्हे रे गाढवा, नस मेलीय.

तेच बूट घालून तीनदा उतरलो. सुंदर उतरलो. खाली आल्यावर आधी कोपऱ्यात जाऊन बूट काढला आणि तळवा तपासला.

१८ ऑक्टोबर

खंडेनवमी खरं तर उद्या. पण नं.ला उद्या ऑफिस, म्हणून देवांनी आज यावं असं ठरलं. गेल्या वर्षी त्याने लॅपटॉप पुजला. या वर्षी स्कीज. रेडिएटरला टेकवून सगळ्या उभ्या, टोकांना झेंडूच्या माळा, वर हळदकुंकू. नव्या पांढऱ्या स्कीवर हळद लागली तर डाग जात नाही, हे त्याला आता कळेल. त्याने 'शस्त्र' या शब्दावर छोटं भाषणही केलं. या शस्त्राने त्याने आजवर एक जाळी तेवढी मारलीय.

नारळ मागे पॅटिओवर फोडला. सगळे अनवाणी. प्रसाद घेऊन आत आलो, सोफ्यावर बसलो. तेवढ्यात शुभदावहिनी किंचाळल्या. त्यांच्या क्रीम कार्पेटवर दारापासून लाल ठिपके. "अहो, कुंकू कोणी सांडलं? तरी मी सांगत होते, पूजा बाहेर करा!" नं. बेकिंग सोडा आणायला धावला. मेधा टिश्यू घेऊन वाकली. मी वरून सल्ला देत होतो, ओलं फडकं लावू नका, पसरेल.

सई माझ्यासमोर येऊन बसली. हळूच म्हणाली, "काका, तो कुंकू नाही आहे."

"ते कुंकू," मी म्हटलं. "नपुंसकलिंग. इतकी वर्षं सांगतोय."

"ओके. ते कुंकू नाहीये काका. ठिपके तुमच्या पायापर्यंत येतात."

खाली बघितलं. करवंटीचा तुकडा, चांगला बोटाएवढा, टाचेत. मी त्याच्यावर पाय टेकवून आरामात बसलो होतो.

तिने उशी टाकून पाय झाकला, मला बाथरूममध्ये नेलं, तुकडा काढला, पट्टी बांधली. बाहेर येऊन सांगितलं, काकांना थोडंसं कापलंय, नथिंग. मग जिन्यात गाठून, "तुम्हाला pain झाला नाही. At all. मी बघत होती." मी विषय बदलला. "मेधाकाकूला तुम्ही सांगा, or I will."

म्हणे, बरं स्की करते. करते, आणि नको तेवढं बघते.

२० ऑक्टोबर

जखम बरी दिसते. म्हणजे तशी मला वाटते. मोबाईल खाली धरून फोटो काढून बघावी लागते. सगळ्यांना हसणारा मी, बाथरूमचं दार लावून स्वतःच्या टाचेचे फोटो काढतोय.

सईचा मेसेज: "Told her?" फोन पालथा ठेवला.

आज मेधाला सांगणार होतो. तिने आनंदाने ट्रिपच्या हॉटेलचा फोटो दाखवला. राहिलं.

२४ ऑक्टोबर

दारात भलंमोठं पार्सल. नं.ने परस्पर माझ्यासाठी चकतीचे बूट मागवले. वर चिठ्ठी, 'तुझ्या पायासाठीच बनलेत!' उभ्या आयुष्यात हा माणूस पहिल्यांदा काहीतरी अचूक बोलला, आणि त्याला त्याचा पत्ताही नाही. खरं तर चांगला आहे नं. हे लिहितानाही राग येतो.

मेधा खूश. "घालून दाखव ना." म्हटलं, नंतर. "आत्ता." हॉलमध्ये खुर्चीवर बसवलं, स्वतः खाली बसली. उजवा बूट चढवला. चकती फिरवायला लागली, कर्र कर्र.

"चावतो का?"

"नाही."

कर्र कर्र. "आता?"

सईने सांगितलं असेल का? चेहऱ्यावरून काही कळेना. हिच्या फिरवण्यात लय होती. मनात आलं, समेवर 'हो' म्हणून टाकावं.

"आता तरी चावत असेल, श्री?"

सम आली आणि निघून गेली. चकती शेवटपर्यंत गेली, पुढे फिरेना. मेधाने हात काढला. वर माझ्याकडे बघितलं, मग बुटाकडे, मग परत माझ्याकडे.

"मोजा काढ," ती म्हणाली.