सासूबाईंच्या खोलीचा तासाचा दर

हरमल, शुक्रवार संध्याकाळ

सासूबाईंचं बारावं होऊन आठवडा झाला आणि आज त्यांच्या खोलीचा तासाचा दर ठरला. योगा शिकवणारी रशियन बाई विचारायला आली होती. ह्यांनी पाचशे सांगितले. मला काहीच कसं वाटलं नाही? मी नुसती फरशीवरचा तेलाचा डाग बघत होते. खाटेच्या जागी बारा दिवस दिवा ठेवलेला, त्याचा.

बाईने विचारलं, शेवटची दहा मिनिटं आम्ही सगळे निपचित पडून असतो, त्याचेही पैसे?

"तास तो तास. निजले म्हणून काय झाला?" हे मला म्हणाले.

डाग उद्या घासायला हवा.

सासूबाई तिथेच दोन वर्षं निपचित पडून होत्या. मी रोज त्यांच्यापाशी दहाच मिनिटं बसायचे. तीसुद्धा घड्याळ बघत.