सगळी दारं एकदम उतरवू नयेत

ती. वन्सं यांना,
भावजयीचा वाकून नमस्कार.

शनिवारी सकाळी दूध तापवून झालं होतं, कपबश्या विसळून पालथ्या घातल्या होत्या, केर काढला होता, आणि घरात एकही दार नव्हतं. (तुमचा गुडघा कसा आहे, जिना चढता येतो का, हे आधी विचारायला हवं होतं. विचारते. शेकत जा. पण हे आधी लिहून टाकू द्या.)

धाकट्या भावजींच्या मनात काय आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. तुमचा भाऊ गेल्यापासून त्यांनी एकच धोशा लावलाय: वहिनींना एकटीला घर झेपणार नाही, घर भाड्यानं देऊ, वहिनी आमच्या मागच्या खोलीत राहतील. ती खोली मी पाहिली आहे. तिथे शिलाई मशीन, मोडका पंखा आणि ढेकूण असे तिघं आधीच सुखानं नांदतायत. रविवारी भावजी काय ते कायमचं ठरवायला येणार होते. इथे चौकटींच्या रंगाचे पोपडे सुटलेले. त्यांना बोट दाखवायला तेवढं पुरलं असतं. म्हणून ठरवलं, रविवारच्या आत चौकटी, दारं आणि भिंतीखालची लाकडी पट्टी आपल्या हातानं रंगवून काढायची.

हे स्वतः रंगवायचे तेव्हा कसं चालायचं ते तुम्ही पाहिलंय. जमिनीवर पालथे पडून, जीभ दातांत धरून, वीतभर पट्टी रंगवली की थांबून बघत राहायचे. भिंतीला ठिपका लागला की माझ्याकडे असे पाहायचे, जणू मीच मागून ढोसलं. मला तेवढा वेळ नव्हता. (वेळ आता ढीगभर आहे म्हणा, पण रविवारच्या आत नव्हता.) वाचनालयातून घरकामाचं पुस्तक आणलं आणि वाचून थक्कच झाले. भिंतीच्या कडेनं कागदी चिकटपट्टी लावायची आणि बिनधास्त ब्रश ओढायचा. खिडकीच्या काचेला कडेनं पेट्रोलियम जेली फासायची, म्हणजे लागलेला रंग फडक्यानं पुसून निघतो. मध्येच उठावं लागलं तर ब्रश धुवायचा नाही, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायचा. मी तसंच केलं, आणि बाहेरच्या खोलीची अख्खी पट्टी कुकर होईपर्यंत संपली! मला धक्काच बसला. एवढं सोपं होतं? मग हा माणूस इतकी वर्षं जमिनीवर पडून करत काय होता? ब्रश हातात धरून मी बराच वेळ तशीच बसले, वन्सं. वाटलं, यांना सांगायला हवं. मग वाटलं, सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं.

पुढे पुस्तकात होतं की दार बिजागरीवरून उतरवून आडवं ठेवून रंगवावं, ओघळ येत नाहीत. एकेक करून, असंही होतं. पण एकेक म्हणजे पुन्हा वेळ. मी शेजारच्या सुताराकडून सगळी एकदम उतरवून घेतली. "बाई, संडासाचंही?" तो म्हणाला. म्हटलं, मी एकटी राहते, मला कोण बघणार आहे?

आणि भावजी शनिवारीच आले.

उंबऱ्यात उभे राहून ओरडले, "वहिनी! चोर दारंसुद्धा घेऊन गेले?" मी रंगानं माखलेली बाहेर आले, तर आणखीच घाबरले. पाणी घ्यायला फ्रिज उघडला, त्यात ब्रश. "हे बघा, हेच म्हणतो मी," असं सुरू करणार, एवढ्यात त्यांचा हात पोटावर गेला. प्रवासात काहीतरी अरबट-चरबट खाल्लं असणार. चेहरा पांढराफटक. संडासाकडे धावले आणि तसेच मागे आले. "वहिनी, दार?" चादर लावावी तर चौकट ओली. शेवटी खुर्च्यांवर आडवं ठेवलेलं संडासाचं दार मीच उचललं (हलकं आहे, आतल्या बाजूचा रंग ओला होता एवढंच), ते आत गेल्यावर चौकटीत टेकवलं आणि पाठ करून धरून उभी राहिले. मी, वन्सं! लाजेनं जमीन दुभंगेल तर बरं, असं झालं.

आतून आवाज आला, "धरलंय ना?"

"धरलंय."

"घट्ट?"

मग माझ्या तोंडून काय निघालं त्याचा धक्का मला अजून पचलेला नाही. मी म्हणाले, "भावजी, मी याच घरात राहणार."

"हा काय विषय काढायचा वेळ आहे का?"

हाताला रग लागली होती, म्हणून मी दार नुसतं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. ते जरा हललं.

"राहा! राहा! मरेपर्यंत राहा! पण दार सोडू नका!"

भावजी बाहेर आले ते दोन्ही गुडघ्यांवर ओल्या रंगाचे फिकट निळे गोल घेऊन. चहासुद्धा न घेता गेले.

सर्वांना आशीर्वाद.
तुमची भावजय

ता. क. आता भावजी म्हणतील की तिथे बसून दिलेला शब्द धरायचा नसतो. ते फक्त तुम्हालाच भितात. तुम्ही त्यांना एवढंच सांगा, शब्द तो शब्द. या पत्राचं खरं कारण हेच.

ता. क. दुसरा. मी दार धरून उभी असताना सुतार आला होता. "मी धरतो बाई, तुम्ही बसा," असं खुणेनं म्हणाला. मी मानेनंच नको म्हटलं. हे भावजींना कळवू नका.

ता. क. तिसरा. दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी बाजारात जाऊन रंगाचा आणखी एक डबा आणला. भावजींच्या गुडघ्यांनी संडासाच्या दाराचा रंग पुसला गेला होता, तेवढा पुन्हा लावायचा होता.