एक जूनचे दोन सहादू

नाशिक रोड,
पोळ्याचा दुसरा दिवस, सन २००६

राजमान्य राजश्री व्याहीबुवा पुंजारामजी, मुक्काम वणी, यांस सहादू रंगनाथ पवार याचा जेल रोडवरून हात जोडून रामराम.

आधी तब्येती. तुमच्या उजव्या गुडघ्याचं काय म्हणणं आहे? मी सांगितलेला निर्गुडीचा शेक घेतलात, का नुसतं हो-हो करून पुन्हा दुकानाच्या पायरीवर नारळ मोजत बसलात? विहीणबाई लताबाईंचा खोकला थांबला का? (फोडणी देताना खिडकी उघडा म्हणावं, निम्मा खोकला शेजारच्यांना जाईल.) तुमच्या मातोश्री अक्काबाईंना माझा साष्टांग नमस्कार ओरडून सांगा. ऐकू नाही आलं तरी आपल्यासाठी कोणी ओरडतंय याचं त्यांना समाधान असतं. गाय व्यायली का? कालवड झाली असेल तर तुमच्या सूनबाईला, आमच्या छायाला, कळवा, तिचा जीव त्या गाईत आहे. जावईबापू ज्ञानेशरावांची तब्येत मुद्दाम विचारत नाही. कारण खाली लिहीन, धीर झाला तर. आमच्या मंडळींचं, लंकाबाईचं, बीपी गोळीवर ठीक आहे, आणि जीभ बिनगोळीची ठीक आहे. राहिला मी. माझी तब्येत विचाराल तर सध्या त्यात दोघांची तब्येत येते, आणि त्यातल्या एकाचं हृदयाचं ऑपरेशन अडून बसलं आहे. त्याच्यासाठीच हा एवढा कागद.

तुम्हाला ठाऊक आहे, मी लष्करात ट्रक हाकला. शाळा चौथीपर्यंत, बाकीचं शिक्षण रस्त्यावरच्या पाट्या वाचून. निवृत्तीनंतर सरकारने आमच्यासारख्यांना एक दवाखाना दिला. तिथे कार्डांचे खोके असत, बाकावर गप्पा असत, गोळ्या कधी असत कधी नसत, पण माणूस कोण आहे याबद्दल तरी वाद नव्हता. पुढे एक मोठे साहेब आले आणि आम्हा म्हाताऱ्यांना मांडवात बसवून भाषण दिलं, की लष्कराच्या दवाखान्यांचे कॉम्प्युटर वेगळे, नौदलाचे वेगळे, हवाई दलाचे वेगळे, हे आता बंद. काश्मीरपासून खाली समुद्रापर्यंत सगळं एकाच साच्यात, एकाच मोठ्या यंत्रात. खरं सांगतो, मला पटलं. या तिघांचं आपसात जावाजावांसारखं होतं, एकीच्या चुलीवरचं दूध उतू गेलं तरी दुसरी हात लावायची नाही. मुंबईत काढलेला एक्स-रे पुण्याचे लोक ओळखत नसत. मी टाळ्या वाजवल्या. जोरात वाजवल्या. आता त्या हातांकडे बघवत नाही.

कारण साचा आला, की साच्यात न मावणारं कापलं जातं. आमच्या जुन्या सैन्य क्रमांकांत कुठे अक्षर, कुठे आडवी रेघ, प्रत्येक पलटणीची तऱ्हा निराळी. नव्या यंत्राला ती चालेना. मग ज्यांचे क्रमांक मावले नाहीत त्यांची ओळख नाव, बापाचं नाव आणि जन्मतारीख यावर पटवायची असं दिल्लीत ठरलं. आता व्याहीबुवा, तुमची जन्मतारीख कोणती? एक जून. माझी? एक जून. तुमच्या धाकट्या भावाची? एक जून. आपल्याकडे आईला विचारलं तर ती सांगणार, बाजरी निसवली तेव्हा झाला. आणि गुरुजींना तर रकाना भरायचा असे. म्हणून शाळेत नाव घालताना त्यांनी साऱ्या गावाला एकाच दिवशी जन्माला घातलं. आपल्याला यात काही वाटत नाही. पण दिल्लीत बसलेल्या माणसाला हे कोणी सांगायचं? त्याला दिसलं, सहादू रंगनाथ पवार, जन्म एक जून बेचाळीस, नाशिक जिल्हा, आणि खाली पुन्हा तोच. एकाच नावाची, एकाच बापाची, एकाच दिवशी जन्मलेली दोन माणसं कशी असतील? एकच माणूस दोनदा नोंदला गेलाय असं समजून त्याने दोघांचा एक केला. (गुरुजी बिचारे कधीच वारले. त्यांची तारीख कोणी कोणती लावली देव जाणे.)

मला हे कळलं ते साखरेची गोळी आणायला गेलो तेव्हा. तरुण डॉक्टर, नजर पडद्यावर. म्हणाले, "काका, हृदयाची झडप काय म्हणते? धाप वाढली का?" मी म्हटलं, साहेब, मला साखर आहे, धाप नाही, दोन जिने चढून आलोय. ते पडद्याला म्हणाले, "धाप आहे." मी म्हटलं, नाही. तर माझ्याकडे रागाने बघितलं, जणू मी पडद्याचा अपमान केला. तेवढ्यात बाहेर खिडकीवर भाग्यश्रीने (कॉम्प्युटरवर बसते, गुणाची पोर) हाक मारली, "सहादू पवार!" आणि मी ओ देण्याआधीच बाकावरून एक वाळका, उंच म्हातारा भिंतीला धरून उठला. पेठ तालुक्यातला, डोंगरातला कोकणा आदिवासी. आयुष्यभर पायदळात चालला, आणि आता खिडकीपर्यंत चालताना दोनदा थांबला. माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "तुम्हीच का मी?"

झालं. त्या दिवसापासून आमचं दोघांचं एक कार्ड, माझ्या फोटोचं, त्याचं रद्द. यंत्र एका माणसाला एका दिवशी एकदाच तपासतं, म्हणून माझ्या गोळ्या आज आणि त्याच्या उद्या. पेठहून एसटीने आलेला माणूस परत कुठे पाठवायचा? तो आमच्याकडेच मुक्कामाला राहू लागला. येताना नागलीचं पीठ आणायचा. लंकाबाईची मात्र पंचाईत. तिने नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही, आणि पाहुण्याचंही तेच नाव! ती त्याला "अहो पेठवाले" म्हणू लागली, आणि त्याला वाढलेली भाजी मला वाढलेल्या भाजीपेक्षा चांगली असे. तक्रार केली तर म्हणे, "त्यांचं दुखणं खरं आहे. तुमचं नुसतं पथ्य." वर यंत्राने आमच्या नावावर दोन बायका लावल्या, एक लंकाबाई आणि एक त्याची भागीबाई. लष्करात दोन बायका चालत नाहीत, म्हणून दुसरीचे उपचार गोठवले. लंकाबाईला हे सांगितलं तर तिने पहिल्यांदा विचारलं ते, "दुसरी कोण ठरली?"

आम्ही तक्रार केली, हे सांगायला नको. दोघांनी वेगवेगळी केली. उत्तर आलं, की एकाच माणसाने एकच तक्रार दोनदा केल्यामुळे दुसरी रद्द, आणि पहिली पडताळून निकाली. बाकावरची माणसं आम्हाला जोडीने येताना बघून म्हणायची, "आले बघा एकीकरण!" हसायची. मीही हसायचो. पेठवाला हसला की त्याला खोकला यायचा, म्हणून तो पुढे पुढे हसेना.

मग त्याची झडप बदलायची मंजुरी आली, पुण्याच्या मोठ्या इस्पितळात. आनंद झाला. तो आपल्या मुलाला, राजूला, घेऊन गेला आणि तसाच परत आला, कारण मंजुरीवर फोटो माझा. म्हणाला, "नाव माझा हाय, बापाचा नाव माझा हाय, दुखणा माझा हाय. नुसता तोंड तुमचा हाय." तेव्हा माझ्या डोक्यातून अक्कल निघाली. मी म्हटलं, पुन्हा जाऊ, आपण दोघं जाऊ. खिडकीवर तोंड मी देतो, आत हृदय तू दे. व्याहीबुवा, मी ट्रक घाटात उलटा घेतलाय, पण असा घोटाळा कधी केला नव्हता. खिडकीवर माझं तोंड जुळलं, आणि ज्याचं तोंड जुळतं त्यालाच आत घेतात! मनगटाला पट्टी बांधली, धोतर सोडून हिरवा झगा चढवला, छातीला तारा लावल्या. मी ओरडतोय, मी तो नव्हे, तो बाहेर बाकावर बसलाय. नर्स म्हणाली, "ऑपरेशनच्या आधी सगळेच असं म्हणतात, आजोबा." शेवटी तपासणी झाली आणि डॉक्टरच चकित झाले. झडप उत्तम. मला सोडलं. मी धोतर सावरत बाहेर आलो, सगळे हसले, पेठवालाही खोकेपर्यंत हसला. पण तेवढ्यात त्यांनी यंत्रात लिहून टाकलं होतं, की सहादू रंगनाथ पवार यांचं हृदय निरोगी आहे, ऑपरेशनची गरज नाही. मंजुरी रद्द. आणि आता हृदय निरोगी, म्हणून हृदयाच्या गोळ्याही बंद.

माझ्या चांगल्या हृदयाने त्याचं वाईट हृदय खोडलं. यावर हसायचं कसं ते तुम्ही सांगा. गोळ्या आता बाहेरून आणून पाठवतो. पण नुसत्या गोळ्यांवर तो फार दिवस काढणार नाही, असं आपल्या दवाखान्यातले तरुण डॉक्टरच खासगीत म्हणाले. (खासगीत म्हणजे पडद्याकडे पाठ करून. तेव्हा ते चांगले गृहस्थ वाटले.)

बाकी क्षेम. सर्वांना यथायोग्य.

आपला,
सहादू रंगनाथ पवार (जेल रोडवाला)

ता. क. – वर धीर झाला नाही तो आता करतो. हे सगळं एकत्र करणारी जी पुण्याची कंपनी आहे, तीच आपल्या ज्ञानेशरावांची. छायाने पहिल्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं, आणि मी बाकावर सगळ्यांना पेढे वाटले होते, की माझ्या जावयाचं यंत्र आहे. आता तेच लोक मला विचारतात, "पवार, जावयाला सांगा की!" कसं सांगू? जावयाला सासऱ्याने काम सांगायचं नसतं, आणि चूक तर त्याहून दाखवायची नसते. पोर नांदते आहे तिथे. पण तुम्ही बाप आहात, तुम्ही कान धरू शकता. आमचे दोघे वेगळे करा, एवढंच त्यांच्या कानावर घाला. माझं नाव न घेता घाला. (नाव न घेता आमचं काम कसं होणार, तेही तुम्हीच बघा.)

ता. क. दुसरा – पाकीट खिशातच राहिलं, कारण राजूचा फोन आला. पेठवाले गेले. भाताच्या बांधावर टेकले ते उठले नाहीत. एसटीने गेलो. भागीबाईने मला बघितलं आणि म्हणाली, "आता ह्या नावाचे तुम्हीच राहिले, भाऊ. जपून ऱ्हा."

राजू ग्रामपंचायतीचा दाखला घेऊन दवाखान्यात आला. भाग्यश्रीने सगळं उघडलं आणि हात बाजूला घेतला. म्हणाली, "काका, इथे मयत असं दाबलं तर तुम्हीही जाल." मी विचारलं, नाही दाबलं तर? म्हणाली, "तर भागीबाई विधवाच नाहीत. तुमची गोठवलेली दुसरी बायको आहेत. दाबलं तर दोघींनाही विधवेचं कार्ड मिळेल." मी घरी येऊन लंकाबाईला विचारलं, कारण प्रश्न तिच्याही कपाळाचा होता. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "दाबा म्हणावं. माझं कुंकू काय त्या पेटीत ठेवलंय?" दुसऱ्या दिवशी दोघी शेजारी बसून कार्डाचा फोटो काढून आल्या. भागीबाईचं कपाळ मोकळं. आणि लंकाबाई विधवेच्या कार्डाच्या फोटोला रुपयाएवढं कुंकू लावून गेली. फोटोवाला म्हणाला, "आजी, हे चालणार नाही." ती म्हणाली, "चालवून घे."

तेव्हा मी आता दवाखान्यात मयत आहे. साखरेची गोळी बाजारातून घेतो. बँकेचं यंत्र अजून या एकीकरणात आलेलं नाही, म्हणून तिथे मी नोव्हेंबरात तोंड दाखवून जिवंत असेन.

ता. क. तिसरा आणि खरा – पहिल्या ता. क.मधलं ज्ञानेशरावांना सांगू नका. विनंती आहे, बिलकूल सांगू नका. आत्ता त्यांनी आम्हाला वेगळं करायला घेतलं तर आधी माझा मृत्यू खोडतील, आणि त्याचा मृत्यूही त्यातच आहे. मग भागीबाईचं कार्ड पुन्हा अडेल. तिचं कार्ड तिच्या हातात पडेपर्यंत मला मेलेलाच राहू द्या. माझी काही तक्रार नाही. जावईबापूंना आशीर्वाद सांगा, तब्येतीला जपा म्हणावं, फार वेळ पडद्याकडे बघू नका म्हणावं.

तुम्ही मात्र उत्तर लवकर लिहा. पाकिटावर माझं नाव ठळक लिहा, बापाच्या नावासकट. पोस्टमन फाटकातून मोठ्याने हाक मारतो, तेव्हा ओ द्यायला बरं वाटतं.